सिहोऱ्यात डॉक्टर शोधण्याचे प्राथमिक धडे

हे धडे तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहेत. बदलीवर आलेले मास्तर, बँकेत रुजू झालेली मुलगी, बालाघाटाकडून लग्न होऊन आलेली सून, धान खरेदीच्या हंगामापुरती खोली करून राहिलेला ग्रेडर. जुन्या माणसांना यांची गरज नाही. त्यांचे डॉक्टर ठरलेले आहेत आणि ते कशावरून ठरले हे विचारू नये. विचारलंच तर उत्तर एकच मिळेल: ‘आमाले त्याईचाच गुन येते जी.’

धडे आजारी पडण्याआधी वाचावेत, तापात वाचलेलं डोक्यात शिरत नाही. शिवाय नवशिक्याने धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आजारी पडायचं टाळावं. तेव्हा अख्खं गाव बांधीत असतं आणि सोबत यायला माणूस मिळत नाही. सिहोऱ्यात एकट्याने डॉक्टरकडे जाणारा माणूस संशयास्पद ठरतो.

पहिला धडा चपलांचा. दवाखान्याच्या दारासमोर उभं राहून चपला मोजा. जितक्या चपला तितका डॉक्टर मोठा, हे इथलं मूळ सूत्र आहे. मात्र आलेल्या आकड्याला चाराने भागा, कारण एका पेशंटमागे बायको, भाऊ आणि ‘मी डॉक्टरले वळखतो’ म्हणणारा एक गृहस्थ येतोच. बाजाराच्या दिवशी मोजलेल्या चपला धरू नयेत. त्या दिवशी माणूस भाजी घ्यायला आलेला असतो आणि आलोच आहे तर बीपी पाहून घेऊ म्हणून आत शिरतो.

चपलांवरून खरं तर एवढंच कळतं की रांग भराभर सरकते. पण नवशिक्याने हे मोठ्याने बोलू नये. इथे भराभर सरकणारी रांग ही हुशारीची खूण आहे. जो डॉक्टर एकेकाला पंधरा मिनिटं घेतो, कधीपासून दुखतं, रात्री जास्त दुखतं का, घरात आणखी कोणाला होतं का असं विचारत बसतो, त्याच्याबद्दल बाहेर बाकावर काय बोललं जातं ते ऐका: ‘याले काईच समजत नाही वाट्टे, आपल्यालेच इचारते.’ नाडीवर बोट ठेवून जो स्वतःच रोग सांगतो तो खरा. रोग्याच्या तोंडून रोग काढून घेणं हेच डॉक्टरकीचं निम्मं काम आहे, ही गोष्ट मेडिकल कॉलेजात शिकवतात, बाकावर शिकवत नाहीत.

दुसरा धडा पाटीचा. पाटी उजवीकडून वाचायला सुरुवात करा. नाव सगळ्यांचंच चांगलं असतं, नावापुढची अक्षरं महत्त्वाची. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस इथपर्यंत ठीक आहे. ही अक्षरं वेगवेगळ्या शास्त्रांची आहेत आणि त्यांच्या नोंदणीच्या परिषदाही वेगळ्या आहेत: एमबीबीएसवाल्यांची महाराष्ट्र वैद्यक परिषद, आयुर्वेदवाल्यांची भारतीय चिकित्सा पद्धतीची परिषद, होमिओपॅथीवाल्यांची त्यांची स्वतःची. आयुर्वेदाचा पदवीधर म्हणजे बोगस नव्हे. आपल्या भागातली रात्री-बेरात्रीची दुखणी पुष्कळदा त्याच्याच जिवावर निभतात. पण तो आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे सांगतो का, ते पाहा.

यापुढे अक्षरं वाढत गेली की तुमची काळजीही वाढू द्या. कंसात दूरच्या शहराचं नाव असेल तर थांबा. ‘आरएमपी’ असेल तर आणखी थांबा. आणि पाटीवर मूळव्याध, भगंदर, मुतखडा, दमा, संधिवात, मूल न होणे आणि दारू सोडवणे अशी यादी रंगवली असेल, तर गाडी सुरूच राहू द्या. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकी करणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा साठी ओलांडून गेला, तरी यादीवाल्या पाट्यांचा रंग अजून ओला आहे.

नोंदणीचा नंबर डॉक्टरच्या चिठ्ठीवर छापलेला असायला हवा. नसेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त नीट विचारा. नुसतं ‘डॉक्टरसाहेब, नंबर द्या जी’ म्हटलं तर मोबाईल नंबर मिळतो.

तिसरा धडा मोठा आहे, कारण इथे चूक डॉक्टरची किती आणि आपली किती हे ठरवता ठरवता संध्याकाळ होते. हा धडा सुई आणि सलाईनचा.

सिहोऱ्यात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमसरपासून गोंदियापर्यंत कुठेही, सुई न लावणारा डॉक्टर म्हणजे बिनकामाचा. गोळी ही सगळ्यांना परवडणारी, म्हणून हलकी वस्तू. सुई टोचते, म्हणजे ती आत जाऊन काम करत असणार. आणि सलाईन म्हणजे प्रतिष्ठा. पेशंट खाटेवर, वर बाटली, खाली पाहुणे, बाजूला केळी. धान कापणीनंतर अंगात ‘कमजोरी’ आलेली मंडळी स्वतःहून येऊन सांगतात, ‘एक ताकदीची बाटल लावून द्या.’ डॉक्टरने लावली नाही तर ते शेजारच्याकडे जातात. शेजारचा लावतो.

त्या बाटलीत काय असतं ते नवशिक्याने एकदा वाचून घ्यावं, बाटलीवरच छापलेलं असतं. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे एक चमचाभर मीठ नाही तर पाच-सहा चमचे साखर, आणि पाणी. पंचवीस ग्रॅम साखरेतून साधारण शंभर कॅलरी मिळतात. बाजूला ठेवलेल्या केळ्यांपैकी एक खाल्लं तरी तेवढ्याच मिळतात, आणि केळं तर पाहुणे आणूनच देतात. उलटी-जुलाबाने माणूस सुकला आहे, पोटात पाणी टिकत नाही, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. पण असा पेशंट बाटली मागायला चालत येत नाही.

सुईचं गणित थोडं वेगळं. पुष्कळशा सुया बी कॉम्प्लेक्सच्या असतात. त्यांनी लघवी पिवळी होते आणि औषध ‘लागू पडलं’ असं वाटतं. काही सुया स्टेरॉइडच्या असतात. त्यांनी ताप रातोरात उतरतो, अंगदुखी पळते, भूक लागते, माणूस सकाळी बांधीवर जातो आणि गावभर सांगतो की याला म्हणतात डॉक्टर. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे, दम्याच्या जोरदार झटक्यात ते तारतं. पण कशाचा ताप आहे हे न पाहता ते टोचणं म्हणजे आगीचा भोंगा बंद करून आग विझली म्हणण्यासारखं आहे. आत क्षयरोग असेल तर तो तेवढ्या वेळात हातपाय पसरतो.

आता ‘गुण येणे’ या सिहोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या कसोटीबद्दल. साधा विषाणूचा ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप जातो. माणूस पहिल्या दिवशी सरकारी दवाखान्यात जातो, दुसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून गावातल्या खासगी डॉक्टरकडे, आणि चौथ्या दिवशी काळी-पिवळीत बसून तुमसरला. चौथ्या दिवशी ज्याच्या दारात ताप उतरतो त्याच्या हाताला गुण. म्हणून नवशिक्या डॉक्टरला माझा खासगी सल्ला असा आहे की दवाखाना थाटायचा तर नेहमी तिसऱ्या क्रमांकावर थाटावा.

चौथा धडा आवश्यक असला तरी छोटा आहे. पावसाळ्यात तुम्हाला ताप आला की रक्त तपासलं जाईल आणि ‘टायफाईडचे पॉइंट’ निघतील. घाबरू नका, ते सगळ्यांचेच निघतात. विडाल नावाची ही चाचणी तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फारसं काही सांगू शकत नाही आणि पूर्वी कधी टायफॉईड झालेल्या माणसात ती उगाचच हात वर करते. काही घरांत तर पॉइंट वर्षानुवर्षं जपून ठेवलेले आहेत. कोणाचे जास्त निघाले यावरून जावा-जावांत मान ठरतो.

इथवरचे धडे डॉक्टर कसा नसावा याचे झाले. कसा असावा हे ओळखायला सिहोऱ्यातच तयार झालेल्या परीक्षा आहेत. त्या कुठल्याही पाटीवर सापडत नाहीत, कारण त्या धानाच्या चिखलात आणि चांदपूरच्या जंगलाच्या कडेला आहेत.

पहिली परीक्षा मण्यारची. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावलेली जागा दुखत नाही, सुजत नाही, कधी कधी दिसतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखतं म्हणून. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. पावसाळ्यात, भल्या पहाटे, पोट दुखणाऱ्या माणसाला जो डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, ‘रात्री खाली झोपला होतात का?’ आणि मग ‘वर बघा’ म्हणून पापण्या पाहतो, त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. जो ‘गॅस झाला’ म्हणून सुई भरतो त्याचंही लिहून ठेवा, वेगळ्या पानावर.

त्याच परीक्षेचा दुसरा प्रश्न घोणसचा. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठत नाही. ते तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत: काचेची स्वच्छ, कोरडी नळी, थोडं ताजं रक्त आणि वीस मिनिटं न हलवता थांबण्याचा धीर. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष चढलेलं आहे. डॉक्टर चांगला आहे की नाही हे मला तरी त्या वीस मिनिटांत कळतं. नातेवाईक आरडाओरडा करत असतात, कोणी मांत्रिकाला फोन लावत असतो, आणि तो घड्याळाकडे पाहत उभा असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच प्रतिविष असतं आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. साप चावला तर या लेखातलं काहीही आठवू नका, १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. चपला मोजायच्या नाहीत.

दुसरी परीक्षा कपडे बाजूला सारण्याची आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्यांची पिल्लं चावतात, चावलेल्या जागी काळी खपली धरते आणि आठवडाभराने ताप येतो. ती खपली काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. औषध डॉक्सिसायक्लिन, जुनं आणि अगदी स्वस्त. पण खपली पाहायला पेशंटला खाटेवर घ्यावं लागतं, पडदा ओढावा लागतो, बाईमाणूस असेल तर नर्सला बोलवावं लागतं. टेबलापलीकडून खपली दिसत नाही. तेव्हा तापाच्या पेशंटला जो टेबलापलीकडून उठून हात लावतो तो निम्मा पास.

तिसरी सिकलसेलची. लहान मुलाचे हातपाय पुन्हा पुन्हा दुखतात, डोळे पिवळसर, अंगात रक्त कमी. विदर्भाच्या या पट्ट्यात असं मूल दिसलं की सिकलसेल तपासायची असते. आणि लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची. हा विषय काढणारा डॉक्टर वाईटपणा पत्करतो. कुंडलीतले छत्तीस गुण जुळलेल्या घरात जाऊन ‘रक्तही जुळवा’ असं म्हणणं सोपं नाही. एका बैठकीतून मी अशा डॉक्टरला चहा न घेता उठताना पाहिलंय. मला तो तेव्हापासून आवडतो.

पाचवा धडा: नागपूर. एक दिवस कोणीतरी तुम्हाला ‘नागपूरले नेऊन टाका’ म्हणेल. हा वाक्प्रचार इथे उपचाराच्या प्रकारांत मोडतो. त्याच दिवशी धंतोली आणि रामदासपेठ ही तिथल्या दवाखान्यांच्या वस्त्यांची नावं पाठ करून घ्या, आणि सोबत येणाऱ्या गृहस्थाची पार्श्वभूमीही जाणून घ्या. चिठ्ठीवर एकाच तपासणी केंद्राचं नाव लिहून ‘तिथेच करा, दुसरीकडचं चालत नाही’ असं सांगितलं गेलं, तर चालत का नाही ते विचारा. कारण वैद्यकीयही असू शकतं. नसूही शकतं, पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारे पैसेही असू शकतात. त्याला ‘कट’ म्हणतात आणि हा प्रकार आपण सिहोऱ्यातल्या माणसांनी कल्पनेने रचलेला नाही. विंचवाच्या विषावरच्या कामाने जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून पेशंट पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला होता. त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रारही केली. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांना बोलतं केलं, आणि त्यांनी आपल्याच धंद्याबद्दल जे सांगितलं ते ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात आहे. ते वाचून डॉक्टरांवरचा विश्वास उडेल अशी भीती काहींना वाटली. माझं उलट झालं. इतके डॉक्टर स्वतःच्या घरातलं वाळवी लागलेलं लाकूड दाखवायला तयार आहेत, म्हणजे घर अजून उभं आहे.

आणि नागपूरला जायचंच असेल तर नेमकं कशासाठी, ते लिहून घ्या. चांगला डॉक्टर पुढे पाठवताना चिठ्ठीत काय दिसलं, काय दिलं, काय शंका आहे हे लिहितो. ज्या चिठ्ठीवर फक्त ‘नागपूर’ लिहिलं असेल ती चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरलाही देता येते. मोठा खर्च असेल तर त्या रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू आहे का हे दाखल होण्याआधी विचारा आणि आरोग्यमित्राचं टेबल शोधा. डिस्चार्जच्या दिवशी शोधलं तर टेबल सापडतं, पण बिल भरून झालेलं असतं.

राहिला सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे, आणि सिहोऱ्यातल्या लोकांना नेमकी हीच अडचण वाटते. फुकटातल्या गोळीचा गुण कसा येणार? पूर्वी केसपेपरचे काही रुपये पडायचे, तेवढी तरी श्रद्धा असायची. आता काहीच पडत नाही म्हणून लोक डॉक्टरला पारखून घेण्याऐवजी नुसतं रागावून घेतात. ओपीडीत मात्र एक दृश्य नेहमी दिसतं. गावातल्या खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून घेणाऱ्या म्हाताऱ्या बाया बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या इथूनच नेतात. विश्वास कुठे ठेवायचा आणि भरवसा कुठे, याची त्यांची विभागणी आपल्यापेक्षा पक्की आहे.

इथे बहुधा एक पोरगेलासा डॉक्टर भेटेल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना वर्षभर बंधपत्रित सेवा करावी लागते, त्यातला तो. पहिले दोन महिने तो कोकणातला, मराठवाड्यातला किंवा मुंबईचा असतो आणि त्याला आपली बोली कळत नाही. ‘डॉक्टर, डोस्क्यात भनभन होते आन् पोटात कसंतरीच लागते’ हे तो कागदावर कसं लिहायचं याचा विचार करत बसतो. तिसऱ्या महिन्यात त्याला मण्यार भेटते. पाचव्या महिन्यात तो गावातल्या मांत्रिकाला नावाने ओळखू लागतो आणि त्याच्याशी करार करतो: तुम्ही आधी माझ्याकडे पाठवा, अंगारा नंतर लावा. आठव्या महिन्यात कोणत्या म्हातारीची शुगर सणानंतर वाढते हे तो केसपेपर न उघडता सांगतो. बाकावरची मंडळी म्हणू लागतात, ‘पोट्टा बेस आहे.’ सिहोऱ्यात यापेक्षा मोठी पदवी नाही, कोणतीही परिषद ती देत नाही.

बाराव्या महिन्यात त्याची मुदत संपते.

म्हणून नवशिक्यांनो, चांगला डॉक्टर सापडला की पहिलं काम त्याची तारीख विचारायची. विश्वास बसायला साधारण वर्ष लागतं आणि सरकारही नेमकं तेवढंच देतं. हे गणित मुंबईत मंत्रालयात कोणी मुद्दाम घातलं असेल असं मला वाटत नाही. मुद्दाम घातलं असतं तर इतकं बिनचूक जमलं नसतं. ग्रामसभेत याच्यावर ठराव घ्या, आमदार गावात आले की निवेदन द्या, पण ठरावाच्या भरवशावर राहू नका. तो जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्यांची यादी त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: कोणती गोळी, कशासाठी, किती वाजता, काय झालं तर बंद करायची. कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते ते लाल पेनाने. पुढच्या वर्षी जो येईल त्याच्यासमोर तो कागद ठेवा. त्याने तो शेवटपर्यंत वाचला तर बसा.

आणि निरोपाला शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर ओपीडी संपल्यावर द्या. बाहेर लोकं थांबलेली असतात.